म्हाताऱ्याची धार

"वस्तरा म्हणे! पत्रा आहे पत्रा. यानं दाढी करण्यापेक्षा गिऱ्हाइकाला सरळ विनंती करावी, बाबा रे, केस तेवढे आत ओढून घे."

पडद्यापलीकडून हे शब्द आले तेव्हा मास्तरीण चहा गाळत होती. पडदा जाड होता, पण मास्तरांची कुरकुर त्याहून जाड. पुढे मास्तरांचं दाढी-कटिंगचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर आणि मधे हा पडदा. बत्तीस वर्षांत त्यातून तीनच गोष्टी न अडता ये-जा करत आल्या होत्या: चहाचे पेले, वस्तरे आणि ही कुरकुर.

"कुणाशी बोलताय?" तिनं आतूनच विचारलं.

"आरशाशी. या घरात तोच एक मान डोलावतो."

ती पेला घेऊन बाहेर आली. सकाळची गर्दी ओसरली होती. मास्तरांच्या गालावर साबणाचा फेस होता, त्यात एक तांबडी रेघ, आणि हातात लेकीनं पाठवलेला नवा वस्तरा. लेक दूरच्या शहरात औषधांच्या कारखान्यात लागली होती, आणि पहिल्या पगारातून तिनं बाबांसाठी हा वस्तरा मागवला होता. मखमली डबी, शिंगाची वाटावी अशी प्लास्टिकची मूठ, आणि पात्याला चकाकी अशी की त्यात बघून दाढी करता यावी. फक्त त्यानं करता येत नव्हती, एवढंच.

"जपून हो. रक्त आलंय," ती म्हणाली.

"आलं नाही, ओढून काढलंय यानं. हा कापत नाही, खेचतो."

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचाच. मास्तरांनी फेस भरल्या गालाला न लागेल असा फोन धरला, आणि क्षणात आवाजात साखर आली.

"वस्तरा ना? अगं काय सांगू! लोण्यासारखा चालतो. हो हो, रोज वापरतो. समोरच्या घड्याळजींची? त्यांचीही दाढी यानंच करणार की. काय? या रविवारी? ये ये, बस बाकावर आणि बघ."

फोन ठेवताना तो तव्यावरून उचलल्यासारखा त्यांनी टाकला. मास्तरीण चहाचा पेला हातात धरून उभीच होती.

"झालं," ती म्हणाली. "आणखी एक म्हातारा जन्माला घातलात."

मास्तरांनी गालावरचा फेस पुसायला घेतला. या घरात म्हाताऱ्याचं नाव निघालं की एकतर दोघं हसायची, नाहीतर एक जण विषय बदलायचा. अलीकडे विषय बदलणंच जास्त व्हायचं.

म्हाताऱ्याची गोष्ट अशी. मास्तरीण सुताराची मुलगी. नवव्या वर्षापासून बापाच्या रंध्याची पाती दगडावर घासायचं काम तिच्याकडे होतं. भाऊ खेळायला पळायचे, आणि हिला तो घासण्याचा आवाजच आवडायचा. लग्न होऊन या घरात आली आणि महिनाभरात तिच्या लक्षात आलं, की नवऱ्याचा हात गालावर पिसासारखा हलका असला, तरी दगडावर तोच हात रेड्यासारखा चालतो. एका दुपारी ती म्हणाली, "मी बघू?" तो हसला आणि त्यानं वस्तरा दिला. दुसऱ्या दिवशी खुर्चीतलं पहिलं गिऱ्हाईक दाढी होता होताच घोरायला लागलं.

जागं झाल्यावर त्यानं विचारलं, "मास्तर, धार कुणाकडून लावली?"

मास्तर तेव्हा सव्वीस वर्षांचे, मिशी नुकती नावारूपाला आलेली. 'बायकोनं' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथून माघारी गेला. गिऱ्हाइकाची मान, तिच्यावरून फिरणारं पातं, आणि त्याला धार स्वयंपाकघरात! लोक हसतील, हसले तर हसले, पण खुर्चीतून उठून गेले तर? त्यांनी म्हटलं, "आहे एक म्हातारा. स्टेशनापलीकडे राहतो. सत्तरीचा आहे, पण हात काय आहे!"

खोटं एवढंसंच होतं, भिंतीत ठोकलेल्या खिळ्याएवढं. पण खिळा म्हटला की माणूस त्यावर काही ना काही अडकवतोच. म्हाताऱ्याला एक डोळा अधू आला. मग खोकला लागला. माणसात मिसळायला त्याला आवडत नाही, हेही ठरलं, कारण लोक भेटायचं म्हणू लागले. नाक्यावरच्या कंपाउंडरनं त्याच्यासाठी खोकल्याचं औषध पाठवलं. समोरच्या घड्याळजींनी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं, एका हिवाळ्यात मफलर दिला, आणि दुसऱ्या वर्षी अधू डोळ्यासाठी आपलं एक जुनं भिंग, डोळ्याच्या खोबणीत धरायचं. औषध मास्तरांनी प्यायलं. मफलर मास्तरीण दर थंडीत वापरायची. भिंग पिठाच्या डब्यामागे ठेवलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर फार कामाचं होतं.

घरात तिचं नावच म्हातारा पडलं. "म्हाताऱ्या, झाला का रे?" असं मास्तर पडद्यातून विचारायचे, आणि ती आतून खोकून दाखवायची. पहिली दहा वर्षं ती मनापासून खोकली. पुढची दहा सवयीनं. त्यानंतरचं तिनं कधी मोजलं नाही.

एक खूण मात्र लपण्यासारखी नव्हती. धार लागली की नाही हे बघायला वस्तरा हाताच्या लवीवरून फिरवावा लागतो. उजव्या हातात वस्तरा, म्हणून लव डाव्या हाताची. बत्तीस वर्षांत तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत लव उभी राहू शकली नव्हती. उजवा हात चारचौघींसारखा आणि डावा नुकत्या धुतलेल्या बशीसारखा. शेजारणी विचारायच्या, "काय लावतेस गं?" ती म्हणायची, "दगड." त्या हसायच्या. बाहेर जाताना ती पूर्ण बाह्या घालायची. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण नकोही कुणी म्हटलं नव्हतं.

"आण तो इकडे," ती म्हणाली.

"काय?"

"पत्रा. रविवारपर्यंत त्याची दाढी करते मी."

"अगं, सोनं असतं तर उजळलं असतं. हे डबडं आहे. मूठ वाकडी, पाठ वाकडी. लेकीची चूक नाही, फोटोत सगळेच देखणे दिसतात."

"तुमच्याही फोटोला मी फसलेच होते. निभावलं ना?"

मास्तर हसले, पण वस्तरा देताना त्यांनी मिशीवर ताव दिला. "या पत्र्यानं घड्याळजींची दाढी झाली आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही, तर ही मिशी उतरवीन. भर दुकानात."

"बघा हं. तेवढं एकच तर आहे तुमच्याकडे दाखवण्यासारखं."

घड्याळजींचं नाव त्यांनी उगाच घेतलं नव्हतं. आता दुकानात सगळ्यांना एकदाच वापरून टाकायची पाती चालायची. खरा वस्तरा उरला होता तो चार-पाच जुन्या माणसांपुरता, आणि त्यांत सगळ्यांत अवघड घड्याळजी. कातडी जुन्या कागदासारखी, जिभेला मात्र कसली सुरकुती नाही. त्यांच्यासाठीचा वस्तरा म्हणजे 'थोरला', मास्तरांच्या वडिलांच्या हातचा, घासून घासून बोटभर रुंदीचा काडीएवढा झालेला. त्याचे दिवस भरत आले होते, हे दोघांनाही दिसत होतं.

मंगळवारी दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, मास्तरीण ओट्याशी बसली. खाली ओलं फडकं, त्यावर दगड. आधी तिनं धारेच्या दोन्ही अंगांना निळ्या पेनची शाई फासली. मग वस्तरा दगडावर आडवा टेकवून एकदाच पुढे नेला आणि उजेडात धरला. जिथं दगड लागला तिथली शाई गेली, जिथं लागला नाही तिथं राहिली. खोटं बोलायची सोय नाही अशी ही एक गोष्ट. शाई नुसती मधेच पुसली होती. टोकाला तशीच, आणि मुठीकडे बोटभर जागेत तर दगड शिवलासुद्धा नव्हता.

"हे बघा," तिनं मास्तरांना बोलावलं. "इथं, मुठीजवळ, पात्याला टेंगूळ ठेवलंय कारागिरानं. ते दगडावर चढतं आणि सगळं पातं उचललं जातं. तुम्ही याला कितीही घासा, मागची बाजू हवेतच फिरणार."

"म्हणजे जन्मजात खोड."

"जन्मजात आहे, पण खोड नाही. कुणी लक्ष दिलं नाही एवढंच."

तिनं ते टेंगूळ खरबरीत दगडाच्या कडेवर उतरवलं. सबंध मंगळवार आणि बुधवारची अर्धी दुपार त्यातच गेली. पाठीला बाक होता, तिथं वस्तरा सरळ न नेता तिरका नेला, बाळाची मान सांभाळत कुशीवर वळवावं तसा. पुन्हा शाई, पुन्हा एक फेरा, पुन्हा उजेड. गुरुवारी शाई या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी गेली, आणि स्वयंपाकघरात एकटीच असताना ती मोठ्यानं म्हणाली, "वा रे म्हाताऱ्या!"

मग मधला दगड, मग बारीक. शुक्रवारी तिनं बाही वर केली आणि पातं डाव्या हातावरून फिरवलं. चार दिवसांची बारीक लव न कुरकुरता उतरली. बाहेर जाऊन तिनं वस्तरा मास्तरांच्या हातात दिला, पोराचा निकाल द्यावा तसा.

मास्तरांनी उजवा गाल केला. भुवई वर गेली. "अरेच्चा!" डावा गाल निम्मा झाला आणि त्यांचा हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही."

"अहो."

"ओढतोय." चिडवायची इतकी चांगली संधी, पण त्यांनी चिडवलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "जाऊ दे गं. एक गाल झाला हेच नवल. रविवारी सांगू, घड्याळजींना बरं नाही म्हणून."

"म्हणजे आता त्यांनाही आजारी पाडायचं? पुरे झाली की आपली माणसं."

ती आत आली आणि डब्यामागचं भिंग काढलं. दारात उजेडाला उभी राहून तिनं डोळा लावला. धार उंदरानं कुरतडलेल्या कागदासारखी दिसत होती. एका गालात एवढी! ती बघतच राहिली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की चूक पत्र्याची नव्हती, तिची होती. थोरल्याला जशी बारीक धार देतो, तशीच तिनं यालाही दिली होती. थोरल्याचं पोलाद ती धार पेलतं. हे बिचारं पेलायला गेलं आणि तुटलं.

बापाचा आवाज कानात घुमला, भुशानं भरलेला. 'हलक्या लोखंडाला दगडावर जरा उंच धरावं, पोरी. त्याला झेपेल एवढंच बारीक कर. मग तेही काम देतं, आणि कुणाला कळतसुद्धा नाही.'

शनिवारी दुपारी तिनं कुणाला न विचारता वस्तऱ्याची धार काचेच्या पेल्याच्या कडेवरून सरळ ओढली आणि मारून टाकली. तेवढ्यात पाणी प्यायला आत आलेले मास्तर ओरडलेच, "अगं, पाच दिवसांची मेहनत!"

"वाकड्या पायावर भिंत चढवत नाहीत. ती तुमची वायर जोडायची काळी चिकटपट्टी कुठंय?"

पट्टीचा एक तुकडा तिनं पात्याच्या पाठीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बेतानं चिकटवला. पाठ कागदभर उंच झाली, आणि तेवढीच धार दगडावर जरा उभी बसली. बस, एवढंच. यावेळी तिनं जोर लावला नाही. वस्तऱ्याच्या वजनावरच वस्तरा फिरला, पाण्याच्या पातळ थरावरून. आवाज आधी खरखरीत होता, मग फुसफुसता, मग इतका बारीक की शेजारच्या नळाच्या थेंबानं झाकला जावा. पट्टी काढून तिनं खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवला आणि साठ वेळा वस्तरा त्यावरून नेला-आणला. मोजायची सवय नव्हती. पण यावेळी मोजलं.

रविवारी सकाळी लेक आली. बॅग ठेवायच्या आधी म्हणाली, "बाबा, कुठंय?"

"तुझा बाबा हा काय समोर आहे."

"तुम्ही नाही हो! वस्तरा."

मास्तरांनी पहाटेच स्वतःची दाढी त्या वस्तऱ्यानं करून बघितली होती. उजवा गाल, डावा गाल, हनुवटीखालची अडचणीची जागा, आणि मग पुन्हा उजवा, उलट्या बाजूनं. करून झाल्यावर ते आत आले होते आणि चुलीशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघत नुसतं मिशीला बोट लावलं होतं. "उतरवू?"

ती मागं न वळता म्हणाली होती, "राहू द्या. मिशीचं काय, ती पुन्हा उगवते."

मास्तर बराच वेळ तिथंच उभे होते.

दहा वाजता घड्याळजी आले, दहाला म्हणजे दहाला. बाकावर लेक बसली होती, तिच्या शेजारी कंपाउंडर वर्तमानपत्र घेऊन. मास्तरीण पडद्याआड उभी राहिली. डावी बाही वरच होती, पट्टा हातात तसाच. कापड इतकं जवळ होतं की श्वासानं हलत होतं.

मास्तरांनी स्पिरिटनं वस्तरा पुसला, फेस लावला. एरवी दाढी करताना ते गावभरच्या बातम्या सांगायचे. आज एक शब्द नाही. आत तिला फक्त पात्याचा आवाज येत होता. थोरल्याचा आवाज ती ओळखत होती, रेशीम फाडल्यासारखा. याचा जरा मोकळा होता, कोरड्या पानावरून कुणी अलगद चालावं तसा. कानशिलाकडून खाली. जबडा. हनुवटी. हनुवटीखाली हात थांबला, तशी तिची मूठ पट्ट्यावर आवळली. मग पुन्हा चालू झाला. घड्याळजींचं हूं नाही, चूं नाही.

ओला टॉवेल झाला. कोरडा झाला. घड्याळजींनी दोन बोटं जबड्यावरून उलट्या दिशेनं फिरवली, एकदा, दोनदा.

"मास्तर."

"जी."

"थोरला नव्हता हा."

"नव्हता. हा लेकीनं पाठवलाय."

"बघू." त्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि वस्तरा उजेडात फिरवला. लेक बाकाच्या कडेला सरकली. "पोलाद हलकं आहे, बाळ. रागावू नको हं, आहे ते आहे. पण धार?" त्यांनी पातं जवळ घेतलं. "पाठीवर डिंकाची पुसट रेघ आहे. काहीतरी चिकटवून पाठ उचललीय. हलक्या मालाला कसं वागवायचं हे कळलेलं माणूस आहे हे. चाळीस वर्षं मी बारीक काम करतो, मास्तर, मला हे सुचलं नसतं."

"पहिल्या खेपेला त्यालाही नव्हतं सुचलं," मास्तर बोलून गेले.

"मला भेटायचंय त्याला. आजच." घड्याळजी वस्तरा मिटत म्हणाले. "नाहीतरी वेळ कमीच असणार. मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, सत्तरीचा आहे. त्याला झाली बत्तीस वर्षं. म्हणजे म्हातारा आता एकशे दोन वर्षांचा."

कुणी हसलं नाही. कंपाउंडरच्या वर्तमानपत्राचं पान अर्धं उलटून तिथंच राहिलं. लेक जमिनीवरचे केस बघू लागली. पडद्याआड मास्तरिणीला एकाएकी कळलं, की इथं एकशे दोन वर्षांचा म्हातारा खरा मानणारं कुणीच नाही, आणि कदाचित कधीच नव्हतं. सगळे आपापला मफलर, आपापलं औषध पाठवत गप्प बसले होते.

मास्तर खाकरले. हे खाकरणं तिच्या ओळखीचं होतं. यानंतर यायचं, 'त्याला माणसात आवडत नाही हो.' ती वाट बघत राहिली.

ते आलं नाही. चार पावलं वाजली. पडद्याची कड आतल्या बाजूला सरकली, आणि मास्तरांनी पडदा वर उचलून खिळ्याला अडकवला, झाडताना अडकवायचे तसा. दुकानातला उजेड एकदम ओट्यापर्यंत आला: दगड, ओलं फडकं, निळं पेन, आणि ती. तिचा हात बाही खाली ओढायला गेला, आणि मग तिनं तो तिथंच राहू दिला.

"घड्याळजी," मास्तर म्हणाले, आणि आवाज आरशाशी बोलतानाचा नव्हता, "म्हातारा कुणी नाही. कधी नव्हताच. बत्तीस वर्षं इथल्या प्रत्येक वस्तऱ्याला धार ही लावते. माझी बायको. मी नुसती दाढी करतो."